तेल ढकलते, पण ओढत नाही

स्कूटरचे किंवा मोटारसायकलचे इंजिन रिबोअरला टाकले, की कारागीर सिलिंडरची आतली भिंत प्रथम नीट गोल कातून घेतो. त्यानंतर तो होनिंगचे दगड आत फिरवतो आणि त्या चकचकीत भिंतीवर तिरपे, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे मुद्दाम पाडतो. पृष्ठभाग जितका खडबडीत तितके घर्षण अधिक, असे आपण वर्गात शिकवतो. मग हा माणूस आपले काम स्वतःच बिघडवतो काय? एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तर पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर सापडत नाही.

उत्तर आहे, पण ते मिळायला बराच काळ लागला. तेलाच्या पातळ थराचे गणित १८८६ साली तयार झाले. त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या : धातूचे पृष्ठभाग आरशासारखे गुळगुळीत आहेत, आणि तेल कुठेही न तुटता सलग राहते. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. पुढची सुमारे ऐंशी वर्षे शास्त्रज्ञ त्यांच्याकडे अडचणी म्हणून पाहत राहिले. या अडचणींमुळेच काही यंत्रे चालतात, हे ध्यानात येईपर्यंत १९६६ साल उजाडले.

या कथेची सुरुवात रेल्वेच्या आसापाशी होते. गाडीच्या डब्याचे सगळे वजन आसाच्या टोकांवर बसवलेल्या पितळी बेअरिंगांवर येते. तेल कमी पडले तर आस तापतो आणि गाडी मध्येच थांबते. इंग्लंडमधील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने या प्रश्नाचा अभ्यास बीचम टॉवर नावाच्या अभियंत्याकडे सोपवला. त्याने ४ इंच व्यासाचा आणि ६ इंच लांबीचा आस फिरता ठेवून त्यावर पितळी बेअरिंग टेकवले. आसाची खालची बाजू तेलात बुडालेली होती. १८८३ साली त्याने बेअरिंगच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचे एक भोक पाडले. हेतू साधा होता : वरून तेल सोडण्याची सोय करणे. पण आस फिरू लागताच तेल भोकातून वर येऊन सांडू लागले. टॉवरने बूच बसवले, ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. शेवटी त्याने दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि मापकाचा काटा २०० च्या पलीकडे जाऊन मोजपट्टीबाहेर गेला.

म्हणजे पितळ आसावर टेकलेच नव्हते. ते तेलावर तरंगत होते, आणि त्याला तरंगत ठेवणारा दाब कोणत्याही पंपाशिवाय, केवळ आसाच्या फिरण्यातून निर्माण होत होता. त्याच वर्षी रशियात निकोलाय पेत्रोव यांनी स्वतंत्रपणे असे मांडले, की चांगले वंगण मिळालेल्या बेअरिंगमध्ये घर्षण होते ते तेलाच्या थरांचे. धातूचा त्यात भाग नसतो. आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, मनमाडहून आगगाडी आली ती १९०० च्या सुमारास. तोवर टॉवरचे भोक जुने झाले होते, आणि त्याचा अर्थ लावणारे गणितही प्रसिद्ध झाले होते.

ते गणित मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांचे. ते समीकरणाने समजावण्याऐवजी आपण शहागंजात जाऊ. राजाबाजारातल्या संस्थान गणपतीपासून विसर्जनाची मिरवणूक निघते आणि शहागंजकडे येते, तेव्हा तिच्यासोबत चालणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा. मिरवणूक एका चालीने पुढे सरकते आणि आजूबाजूच्या माणसांना आपल्याबरोबर नेते. रस्ता जिथे अरुंद होत जातो तिथे मागून येणारी माणसे तेवढीच, जागा मात्र कमी. त्यामुळे रेटारेटी वाढते आणि दुतर्फा दुकानांच्या फळ्यांवर भार येतो. बेअरिंगमध्ये असेच होते. भारामुळे आस बेअरिंगच्या मध्यापासून किंचित सरकलेला असतो, म्हणून दोहोंमधली फट एका बाजूला पाचरीसारखी निमुळती होत जाते. फिरणारा आस तेलाला आपल्या श्यानतेमुळे, म्हणजे दाटपणामुळे, या पाचरीत ओढून नेतो. तिथे दाब वाढतो आणि तो दाब भार उचलतो. रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली हे समीकरणात बसवले आणि टॉवरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. मेळ चांगला बसला.

आता मिरवणूक अरुंद भागातून चौकात आली, की काय होते? माणसे पांगतात, मध्ये मोकळ्या जागा पडतात. पुढे गेलेला माणूस मागच्याला हात धरून ओढत नाही. गर्दी ढकलू शकते, ओढू शकत नाही. रेनॉल्ड्स यांच्या समीकरणाला मात्र हा फरक कळत नाही. फट निमुळती होताना ते जेवढा दाब दाखवते, तेवढीच ओढ ते फट रुंदावताना दाखवते. आर्नोल्ड झोमरफेल्ट यांनी १९०४ साली पूर्ण वर्तुळाकार बेअरिंगसाठी हे समीकरण अतिशय सुबकपणे सोडवले, तेव्हा ही गोष्ट उघडी पडली. त्यांच्या उत्तरात बेअरिंगच्या एका अर्ध्या भागात धन दाब येतो आणि दुसऱ्या अर्ध्यात तितकाच ऋण. टॉवरच्या मापकाएवढा, म्हणजे सुमारे १४ वातावरणांचा दाब धरला, तर पलीकडे तेलाला तितक्याच ओढीला टिकावे लागेल. वातावरणाचा स्वतःचा दाब जेमतेम एक. उरलेली तेरा वातावरणांची ओढ तेलाने एखाद्या दोरीसारखी सहन करायची! शिवाय या उत्तरानुसार आस भाराच्या दिशेने मुळीच खाली जात नाही, नेमका काटकोनात बाजूला सरकतो. प्रत्यक्षात तो खालीही जातो आणि बाजूलाही.

द्रव कधीच ओढ सहन करत नाहीत असे मात्र नाही. मार्सेलिन बर्थेलो यांनी १८५० साली बंद काचनळीतल्या शुद्ध पाण्याला ताण देऊन दाखवला होता. पण त्यासाठी हवा पूर्ण काढलेले पाणी आणि अत्यंत स्वच्छ काच लागते. यंत्रातले तेल तसे नसते. खनिज तेलात नेहमीच्या दाबाला त्याच्या आकारमानाच्या सुमारे आठ-नऊ टक्के हवा विरघळलेली असते. दाब घटला की ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि थर फाटतो. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

हे वर्गात दाखवता येते. सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज घ्या, तीन मिलिलिटर पाणी भरा, आतली हवा काढून टाका आणि तोंडावर बोट दाबून दट्ट्या जोरात मागे ओढा. पाण्यात बुडबुडे उमटतील. दट्ट्या सोडला की ते आकसतात, पण बारीक बुडबुडे लगेच नाहीसे होत नाहीत, कारण हवेला पुन्हा विरघळायला वेळ लागतो. पुढे हाच प्रयोग गोडेतेलावर करून पाहावा. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक फेरा १५ मिलिसेकंदांत संपतो, तेव्हा बुडबुड्यांना विरघळायला तिथे किती सवड मिळत असेल याचा विचार विद्यार्थ्यांनीच करावा.

हवा आणि कमी दाब यांचे हे नाते आपल्या शहराला फार जुने आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि तिच्यासाठी नहर बांधली. तिचे पाणी शहरभर फिरत असे. शहागंजच्या मोठ्या मशिदीच्या हौदांनाही ते मिळत होते. या नहरींच्या वाटेवर जागोजाग विटांचे उंच मनोरे आहेत. बंद नळातून पाणी चढ-उतारांवरून नेताना त्यातली हवा उंच जागी गोळा होते आणि प्रवाह अडवते. तिला वाट करून द्यावी लागते, आणि मनोऱ्यांचा हाही एक उपयोग मानला जातो. बेअरिंगमधल्या फटीला असा मनोरा बांधता येत नाही, म्हणून तिथे हवेचा हिशेब कागदावर करावा लागतो.

तो कसा करायचा? वयाच्या उदाहरणात उणे उत्तर आले, की विद्यार्थी ते खोडून टाकतो. ल्युडविग ग्युम्बेल यांनी १९१४ साली नेमके तेच केले. झोमरफेल्ट यांच्या उत्तरातला ऋण दाबाचा भाग त्यांनी शून्य धरला. उपाय ओबडधोबड, पण भाराचे उत्तर बऱ्यापैकी जमू लागले. आजही झटपट अंदाजासाठी तो वापरतात. १९३० च्या दशकाच्या आरंभी स्विफ्ट आणि श्टीबर यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, त्यात सुधारणा केली : थर जिथे फाटतो तिथे दाब अचानक तुटता कामा नये, तो सावकाश उतरत शून्याला पोहोचला पाहिजे. थर कुठे फाटतो, हे यावरून ठरवता आले.

फाटलेला थर पुन्हा कुठे जुळतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच. आपल्या मिरवणुकीत सांगायचे, तर ग्युम्बेल यांनी चौकात पांगलेली माणसे मोजणेच सोडून दिले. पुढची गल्ली आली की ती पुन्हा भरलेली आहे असे धरले. ही माणसे आली कुठून? चौकातून जेवढी माणसे विरळपणे चालत आली, तेवढीच पुढच्या गल्लीत शिरणार. कमी आली असतील तर गल्ली उशिरा भरेल. १९५६ साली कोल आणि ह्यूज यांनी पारदर्शक बेअरिंग बनवून आत काय चालते ते पाहिले. फाटलेल्या भागात तेल पट्ट्यापट्ट्यांनी वाहत होते आणि पट्ट्यांमध्ये हवेची बोटे शिरली होती. दुसऱ्याच वर्षी, १९५७ साली, स्वीडनमधील याकोबसन आणि फ्लोबर्ग यांनी या पट्ट्यांतल्या तेलाचा जमाखर्च मांडला. भार सतत बदलत असेल तर काय, याचा विचार १९६५ साली ओल्सन यांनी केला. हे नियम योग्य होते, पण हाताने सोडवायला फार किचकट. सलग आणि फाटलेल्या, दोन्ही भागांना एकच समीकरण लावून हा जमाखर्च संगणकावर सांभाळण्याची युक्ती अमेरिकेतील एलरॉड यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली.

मोटारीच्या क्रँकशाफ्टला याची खरी गरज होती. तिथे भार प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलतो, त्याबरोबर पोकळीही बेअरिंगभर फिरते, आणि आत्ता जिथे पोकळी आहे तिथेच क्षणभराने सर्वांत जास्त भार येऊ शकतो. तोवर तिथे तेल पोहोचले नाही, तर धातू धातूला भिडणार. असा तेलाचे वस्तुमान राखणारा हिशेब क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांसाठी १९९० साली मांडला गेला, त्या लेखाच्या लेखकांची नावे गोएंका आणि परांजपे अशी आहेत. दुसरे आडनाव मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

आता खडबडीतपणाकडे. तुमच्या शाळेजवळ आय.टी.आय. असेल तर तिथल्या आराखड्यांवर पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा ते दाखवणारे त्रिकोण पाहावेत. कितीही घासला तरी धातूचा पृष्ठभाग सपाट होत नाही. १९३३ साली अॅबट आणि फायरस्टोन यांनी त्यावरून सुई फिरवून त्याचे चढ-उतार मोजण्याची आणि त्यांचा आलेख वाचण्याची पद्धत दिली. इंजिनातल्या बेअरिंगचा तेलथर बिकट क्षणी एक मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास येतो. माणसाचा केस याच्या कितीतरी पटींनी, साधारण सत्तर मायक्रोमीटर, जाड असतो. पृष्ठभागावरच्या टेकड्या थराच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून लहान असतील तोवर गुळगुळीत पृष्ठभागाचे गणित चालते. त्याहून मोठ्या झाल्या की टेकड्या गणितात घ्याव्या लागतात.

त्या घेतल्याने काय बदलते, ते पाहायला पाढ्यांपलीकडे काही लागत नाही. दाबाखाली फटीतून वाहणारे तेल फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. फटीची सरासरी जाडी २ एकक आहे असे समजा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर प्रवाह २ चा घन, म्हणजे ८. आता पृष्ठभागावर चऱ्या आहेत, निम्म्या जागी फट १ आणि निम्म्या जागी ३. सरासरी तीच, २. चऱ्या प्रवाहाच्या दिशेने असतील तर दोन वाटा शेजारी शेजारी आहेत. प्रवाह १ आणि २७ यांची सरासरी, म्हणजे १४. चऱ्या प्रवाहाला आडव्या असतील तर तेलाला अरुंद आणि रुंद जागा एकामागून एक ओलांडाव्या लागतात. विजेच्या एकसर जोडणीप्रमाणे इथे रोधांची सरासरी घ्यायची : १ आणि १/२७ यांची सरासरी ०.५१८५, आणि तिचा व्यस्त अंक १.९३. त्याच सरासरी जाडीच्या फटीतून एकदा १४ आणि एकदा जेमतेम २! आडव्या चऱ्या तेलाला रोखून धरतात आणि दाब वाढवतात, सरळ चऱ्या त्याला निसटू देतात. खडबडीतपणा वाईट की चांगला, हा प्रश्नच अपुरा आहे. तो कोणत्या दिशेने आहे हे आधी विचारले पाहिजे.

हा विचार १९६९ साली ख्रिस्टेन्सन यांनी संभाव्यतेच्या भाषेत मांडला. १९७८ साली पातिर आणि चेंग यांनी प्रत्येक टेकडी न मोजता तिचा सरासरी परिणाम रेनॉल्ड्स यांच्या समीकरणात गुणक म्हणून घालण्याची रीत दिली. अभियंत्यांनी ती इतकी उचलली, की या विषयातला क्वचितच एखादा लेख तिच्या उल्लेखाशिवाय असेल.

परंतु या दोघांच्याही आधी, १९६६ साली, एक छोटी विलक्षण गोष्ट घडली होती. फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमध्ये दोन सपाट चकत्या एकमेकींवर समांतर फिरतात. तिथे पाचर नाही, म्हणून रेनॉल्ड्स यांच्या गणिताप्रमाणे भार उचलला जायला नको. तरी त्या तेलाच्या थरावर तरंगतात. हॅमिल्टन, वॉलोविट आणि अॅलन या तिघांनी पारदर्शक चकतीतून छायाचित्रे घेतली, तेव्हा पृष्ठभागावरच्या सूक्ष्म उंचवट्यांमागे बुडबुडे दिसले. त्यांनी लावलेला अर्थ असा : प्रत्येक उंचवट्याच्या चढावर लहानशी पाचर तयार होते आणि दाब वाढतो. उतारावर गणित तेवढीच ओढ सांगते, आणि दोन्हींची बेरीज शून्य येते. पण तेल ओढू शकत नाही. उतारावर ते फाटते, तिथला दाब जवळपास वातावरणाइतकाच राहतो, आणि चढावरचा दाब शिल्लक उरतो. असे हजारो उंचवटे मिळून चकती उचलून धरतात. नुसता खडबडीतपणा असता तर भार शून्य. नुसते कॅव्हिटेशन असते, पण पृष्ठभाग सपाट असता, तरी शून्य. दोन्ही एकत्र आले म्हणून सील चालते.

तिघांचा हा विचार तीस वर्षे जवळजवळ पडून राहिला. १९९० च्या दशकात इस्राएलमधील एत्सिओन यांनी लेसरने सीलच्या चकत्यांवर आणि पुढे पिस्टनच्या कड्यांवर नेमक्या मापाचे सूक्ष्म खळगे पाडायला सुरुवात केली, तेव्हा त्याला उद्योगात स्थान मिळाले.

होनिंगचे ओरखडे त्याहून जुने आहेत आणि ते अनुभवातून आले. मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या इंजिनात पिस्टन वर आणि खाली मिळून मिनिटाला ८००० वेळा क्षणभर थांबतो. थांबलेल्या क्षणी पाचरीला वेग मिळत नाही, थर पातळ होतो. तिरप्या चरांत साठलेले तेल त्या क्षणी कामी येते. पूर्वी नवी गाडी पहिले काही शे किलोमीटर बेताने चालवायला सांगत, ते या चरांमधले टोकदार कंगोरे झिजून सपाट व्हावेत आणि खालचे चर तेवढे उरावेत म्हणून. चांगले होनिंग हे काम कारखान्यातच बरेचसे करून टाकते. चर फार खोल गेले तर मात्र तेल वर चढून जळते आणि मागून निळसर धूर येतो.

सरासरीचे गणित आणि बुडबुड्यांचे गणित एकत्र कसे लावायचे, हे अजून पूर्ण सुटलेले नाही. पातिर-चेंग यांची रीत टेकड्यांची सरासरी घेते, आणि सरासरी दाब धन असला की कुठे पोकळी नाही असे समजते. पण सरासरी धन असतानाही एखाद्या टेकडीच्या पाठीमागे तेल फाटलेले असू शकते. १९६६ च्या छायाचित्रांत तेच होते. २००५ साली बायादा, मार्तां आणि वास्केझ या गणितज्ञांनी दोन्हींना एका चौकटीत बसवणारे सूत्र दिले. त्यात पोकळीतला दाब आधी गृहीत धरावा लागतो. तो तेलाच्या वाफेचा धरायचा, की त्यातून सुटलेल्या हवेचा, हे तेलात किती हवा मुरली आहे आणि तिला सुटायला किती वेळ मिळतो यावर अवलंबून असते. सिरिंजमधल्या तेलाला हा वेळ भरपूर मिळतो. एका मायक्रोमीटरच्या टेकडीमागे तो सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी असतो.